न उमटलेली रेघ

रुजू झाले त्या दिवशी मी बाकावर वाकून अर्ज लिहीत होते आणि मागून कुणीतरी माझी वेणी उचलून बाजूला केली. मी किंचाळले. वळून पाहिलं तर पन्नाशी उलटलेला, पांढरा कोट घातलेला एक किडकिडीत माणूस माझ्या कानामागे भिंग धरून उभा.

"हालू नका जी," तो म्हणाला.

मी अधीक्षकांकडे पाहिलं. त्यांनी कागदातून मानही वर केली नाही. "आपले लॅबवाले भाऊ," म्हणाले. "वाटेत कुठे गवतात उतरला होतात का तुम्ही?"

उतरले होते. गोंडपिपरीच्या पुढे एसटी बंद पडली होती आणि आम्ही सगळे प्रवासी तासभर कडेच्या गवतात बसून होतो. पण त्याचा आणि माझ्या वेणीचा काय संबंध? पुण्याच्या मेडिकल कॉलेजात सहा वर्षं काढलेल्या मुलीला हे सहन होणं शक्यच नव्हतं. मी तिथल्या तिथे त्यांना सुनावलं. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं, भिंग कोटाच्या खिशात टाकलं आणि म्हणाले, "काई नाई. तीळ हाये. येते आठ दिवस पाहत राहा." आणि गेले.

माझा राग नाकावर असतो. घरचे सांगतात, मैत्रिणी सांगतात, मलाही ठाऊक आहे. त्या रुग्णालयात बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, जे वर्ष काढलं त्यात निम्मा राग ह्या एका माणसावर खर्च झाला.

भाऊ मूळचे नागभीडकडचे, धानशेती असलेल्या घरातले. पण तीस वर्षं त्यांनी जंगलाच्या कडेच्या ह्या छोट्या रुग्णालयातल्या दहा बाय बाराच्या लॅबमध्ये काढली होती. सकाळी कुलूप काढलं की आधी हात जोडून हळू आवाजात त्रिशरण, मग खुर्ची पुसणार, मग मायक्रोस्कोप. लॅबची किल्ली कमरेला करगोट्यात अडकवलेली. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ती कुणाला मिळत नसे. बदलीच्या दोन ऑर्डरी त्यांनी हातापाया पडून रद्द करून घेतल्या होत्या म्हणे. प्रमोशन मिळत होतं तेही नाकारलं, कारण प्रमोशनमध्ये टेबल होतं आणि लॅब नव्हती.

त्यांना वेड होतं ते एकाच गोष्टीचं. आमच्या भागात पोळ्याच्या सुमारास तापाचे पेशंट सुरू होतात. मलेरिया असतो, डेंग्यू असतो आणि स्क्रब टायफसही असतो. गवतात डोळ्यांना न दिसणारा एक किडा चावतो, चावलेलं कळतही नाही, आणि त्यातून जिवाणू अंगात शिरतो. जिथे चावला तिथे पुष्कळदा एक काळी खपली धरते, विडीचा चटका बसल्यासारखी. ती असते काखेत, कानामागे, साडीच्या किंवा नाड्याच्या गाठीखाली. लवकर ओळखलं तर साध्या गोळ्यांनी ताप दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं, किडन्या, एकेक करत सगळं बंद पडत जातं. हे मी पुस्तकात वाचलेलं. भाऊ मात्र जो माणूस समोर येईल त्याच्या अंगावर ती खपली शोधत हिंडायचे.

बसस्टॉपवर शोधायचे. किराणा दुकानात शोधायचे. आमच्या एका सिस्टरच्या भावाच्या लग्नात नवरदेवाला बारीक ताप आहे असं कुणीतरी म्हणालं, तर भाऊ अक्षता टाकायच्या आधी स्टेजवर चढले आणि नवरदेवाची कॉलर खाली ओढून मानेवर भिंग लावलं. हळद लावलेल्या अंगावर खपली उठून दिसते, असं त्यांचं म्हणणं. वऱ्हाडी मंडळी बाह्या सावरून पुढे आली. मी शरमेनं अर्धी झाले. तिथेही तीळच निघाला. बहुतेक वेळा तीळच निघायचा. त्यांच्या बायकोनं मला एकदा चहाला बोलावलं होतं तेव्हा ती बिचारी म्हणाली, "माह्या माहेरचे लोक येतच नाईत, मॅडम. जेवाले बसले का हे त्याइच्या कानामागं पाह्यतेत."

जलद तपासणीची किट आली तेव्हाची गोष्ट अजून रंगवून सांगितली जाते. छोटी प्लास्टिकची पट्टी. त्यावर रक्ताचा थेंब, वर दोन थेंब औषध, पंधरा मिनिटं थांबायचं. एक रेघ म्हणजे नाही, दोन रेघा म्हणजे आहे. कोरोनानं ही भाषा गावागावांत शिकवलीच होती. त्याआधी स्क्रब टायफससाठी रक्त जिल्ह्याला पाठवावं लागायचं आणि उत्तर यायला आठवडा जायचा. तोवर पेशंट बरा झालेला असे किंवा नसे. भाऊंनी पहिला खोका आला तेव्हा त्याला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं. खोक्यावर लिहिलेलं, तीस अंशांच्या आत ठेवा. आमच्याकडे उन्हाळ्यात सत्तेचाळीस आणि लाईटचा पत्ता नाही. भाऊंनी खोका प्लास्टिकच्या डब्यात घातला आणि डबा पाण्याच्या माठाखालच्या ओल्या रेतीत पुरला. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, किट कुठे आहेत, तर भाऊ माठ बाजूला करून रेती उकरू लागले. साहेबांचे डोळे पांढरे झाले. मग भाऊंनी डब्यातून थर्मामीटर काढून दाखवला. अठ्ठावीस. साहेब माठातलं पाणी प्यायले.

पण माझं आणि त्यांचं खरं भांडण होतं ते रिपोर्टवरून. हा माणूस 'निगेटिव्ह' लिहीत नसे. पट्टीवर एकच रेघ आली की लाल शाईनं लिहायचा, 'आज नाही'. मी पहिला असा कागद पाहिला आणि थक्क झाले. हा काय उधारीचा बोर्ड आहे? मी अधीक्षकांकडून मेमो काढवला. भाऊंनी मेमो घेतला, सही केली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'आज नाही'.

"निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह," मी म्हटलं. "लिहायला काय होतं तुम्हाला?"

"मॅडम, ताप आल्याबरोबर रक्तात निशानी तयार नाई होत जी. पाच दिवस, सा दिवस लागतेत. त्याच्या आधी पट्टी लावली तर ते बिचारी काय सांगन? आज नाई सांगन. उद्याचं तिले काय माईत?"

"ते मला कळतं. मी डॉक्टर आहे."

"तुमाले कळते. तुमच्यानंतर येनाऱ्याले कागदच दिसते."

किट यायच्या आधीच्या वर्षांत, मलेरिया निगेटिव्ह, टायफॉइड निगेटिव्ह, असं लिहून लिहून त्यांनी कितीतरी माणसं घरी पाठवली होती. त्यातली काही परत आली नाहीत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, काचपट्ट्या धुता धुता, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

आता खर्ऱ्याचं सांगते. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला खर्रा आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत कोण खात नाही? बाप्ये खातात, बाया खातात. आमच्या ओपीडीत खर्ऱ्याविरुद्धचं भलंमोठं पोस्टर होतं आणि मी पेशंटच्या तोंडाला वास आला की आधी पाच मिनिटं फैलावर घ्यायची. भाऊ स्वतः सुपारीसुद्धा खात नसत. पण रक्त घेताना ते प्रत्येकाला विचारायचे, "खर्रा कवापासून सोडला?" मला वाटायचं, प्रबोधन करताहेत. एकदा कान देऊन ऐकलं तेव्हा कळलं की ते तापाचे दिवस मोजत होते. ताप किती दिवसांपासून, असं विचारलं तर लोक काहीही सांगतात. पण खर्रा ज्या दिवशी कडू लागतो, थुंकून टाकावासा वाटतो, तो दिवस कुणी विसरत नाही. तोच तापाचा पहिला दिवस. हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय, असं मी विचारलं. भाऊ नुसते हसले.

वनिता आली ती सप्टेंबरातल्या एका सकाळी. बावीस वर्षांची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासूनं आणि नवऱ्यानं तिला मोटरसायकलवर मध्ये बसवून आणलं होतं. निंदणाला जात होती, ताप आला, आता उठवत नव्हतं. अंग भाजत होतं, श्वास जोरात चालला होता, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दुसरंच येत होतं.

"ताप किती दिवसांपासून?"

"आठ दिवस झाले, बाई," सासू म्हणाली.

मी केसपेपरवर आठ लिहिले. तपासताना साडी थोडी खाली केली तर कमरेवर, गाठीच्या खाली, काळा गोल डाग. बोटाच्या पेरापेक्षा लहान. माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे पोट दुखलं, ताप आला की गावातल्या पुजाऱ्याकडे नेऊन तापल्या सळईनं डागायची पद्धत आहे. बाळांना डागतात, मोठ्यांना डागतात. मी ह्यावर दर आठवड्याला कुणाला तरी ओरडत होते.

"डागलं ना हिला? खरं सांगा. डागलं ना?"

सासूनं पदर तोंडाशी धरला.

"आठ दिवस घरात ठेवली, वरून चटके दिले, आणि मरायला टेकली तेव्हा इथे आणली! पोलिसांत देऊ का तुम्हाला?"

"हो, बाई," ती अगदी हळू म्हणाली. "डागलं."

झालं. माझ्या डोक्यात सगळं चित्र तयार झालं. डागलेली जखम चिघळली, विष रक्तात भिनलं. मी त्या हिशोबानं इंजेक्शनं सुरू केली, सलाईन लावलं आणि मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस अशा तिन्ही तपासण्या लिहिल्या. तासाभरात कागद आला. तिन्हींपुढे लाल शाईत 'आज नाही'. आठ दिवस ताप आणि स्क्रब टायफसची रेघ नाही, म्हणजे तो प्रश्न मिटला, असं मी धरलं. जिल्ह्याला हलवायचं तर ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेली होती आणि परत यायला दुपार होणार होती.

मी वॉर्डात गेले तेव्हा भाऊ सासूजवळ उकिडवे बसले होते.

"सून खर्रा खाते का गा माय?"

"खाते थोडासा."

"कवा सोडला?"

सासूनं बोटांवर मोजलं. "बुधवारी थुकून देल्लन. कडू लागते म्हने."

आज रविवार होता. भाऊ उठले आणि सगळ्या वॉर्डासमोर मला म्हणाले, "मॅडम, चारच दिवस झाले तापाले. आठ नाई. पट्टीले अजून काई दिसनारच नाई. आन तो डाग येकडाव पाहा जी. किटले डोळे नाईत. तुमाले हायेत."

"घरच्यांनी आठ सांगितलेत. मी लिहून घेतलंय."

"तुमी दोन-तीन दिवसाच्या तापाले गोळ्या देऊन परत पाठवता ना जी. गावोगाव ठाऊक झालं हाये. आठ सांगा, मंग बाई भरती करते."

माझ्या कानशिलात कुणी लगावली असती तर इतका धक्का बसला नसता. नर्सबाई बघत होत्या, पेशंट बघत होते. हा लॅबवाला मला शिकवणार? आणि तेही खर्ऱ्यावरून? मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही रक्त तपासा. पेशंट मी तपासते."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग खाटेवरच्या वनिताकडे पाहिलं. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. आणि ते लॅबकडे गेले.

पाऊण तासानं नवा कागद आला. 'दुसऱ्या किटवर तपासणी केली. स्क्रब टायफस : पॉझिटिव्ह.' खाली सही.

पट्टी बघायचं माझ्या मनातही आलं नाही. कोण बघतं? मी कागद पाहिला, आणि कागद हातात घेऊन पुन्हा वनिताच्या कमरेवरचा तो डाग पाहिला. भोवती लाल कडा, मध्ये काळी कोरडी खपली. दाबून पाहिलं, ती कण्हलीसुद्धा नाही. चार दिवसांपूर्वी सळईनं डागलं असतं तर हात लावताच ओरडली असती. सकाळी मी ह्याच डोळ्यांनी हीच खपली पाहिली होती. त्याच मिनिटाला मी योग्य त्या औषधाचा पहिला डोस दिला.

दुपारी ॲम्ब्युलन्स आली तेव्हा तिचा श्वास जरा सावरला होता. आम्ही थांबायचं ठरवलं. सोमवारी दुपारपर्यंत ताप उतरला. मंगळवारी ती उशीला टेकून पेज प्यायली आणि नवऱ्याला म्हणाली, "माही शेळी कोन चारून राह्यलं?" नवरा सगळ्यांदेखत रडला. सासू मला व्हरांड्यात गाठून म्हणाली, "बाई, आमी डागलं नव्हतं जी."

"मग हो का म्हणालात?"

"तुमी रागावून राह्यल्या होत्या ना."

मी वॉर्डात जाऊन वनिताची नाडी पुन्हा मोजली. तरीही, माणसाचं मन किती निर्लज्ज असतं बघा, संध्याकाळपर्यंत मी सावरलेसुद्धा. डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी ऐटीत लिहिलं की खेड्यातल्या रुग्णालयात पंधरा मिनिटांच्या तपासणीमुळे एक जीव वाचला. पटापट अंगठे आले. कुणीतरी विचारलं, पट्टीचा फोटो आहे का? दोन रेघा दाखवा, सादरीकरणात वापरू.

मी बुधवारी सकाळी लॅबमध्ये गेले. "भाऊ, वनिताची पट्टी ठेवलीय का? फोटो हवाय."

भाऊंनी खण उघडला. कागदात गुंडाळलेल्या दोन पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. दोन्हीवर एकेकच रेघ होती.

मी आधी पट्ट्या उलट्या करून पाहिल्या. मग उजेडात नेल्या. मग त्यांचं भिंग मागून घेतलं. दुसरी रेघ नव्हतीच. पुसटसुद्धा नव्हती.

"ह्यात एकच रेघ आहे," मी म्हटलं.

"हो जी. एकच होती."

"मग तुम्ही पॉझिटिव्ह कसं लिहिलं?"

"लिवलं."

मी खाली बसले. ज्या माणसानं 'निगेटिव्ह' एवढा एक शब्द लिहायला नको म्हणून मेमो खाल्ले, त्यानं खोटा रिपोर्ट लिहिला होता. माझ्या तोंडून जे जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. हा गुन्हा आहे, तुमची नोकरी जाईल, ती मेली असती तर, तुमच्या ह्या एका कागदावर मी औषध दिलं, वगैरे. भाऊ ऐकत होते. माझा दम संपल्यावर म्हणाले, "दुसरं काय करू, मॅडम? मायं तुमी ऐकून नाई राह्यले. कागदाचं ऐकता."

मग मी आवाज खाली आणला. म्हटलं, जाऊ द्या. पोरगी वाचली. येत्या आठवड्यात पुन्हा रक्त घेऊ, तेव्हा दोन रेघा येतीलच. पट्ट्या फेकून द्या. कुणाला कळणार आहे?

भाऊंनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. वनिताच्या नावापुढे त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, लाल शाईत, ठळक अक्षरात : 'हा रिपोर्ट खोटा आहे. पट्टीवर एकच रेघ होती. मी दोन लिहिल्या.' खाली पूर्ण नाव आणि सही.

"हे खोडा," मी म्हटलं. "भाऊ, वेड्यासारखं करू नका. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची."

"खोडलं तर मंग ह्या रजिस्टरातला कोनता कागद खरा हाये, हे कोन सांगन? माह्या तीस वरसाच्या रिपोर्टावर लोकाइनं गोळ्या खाल्ल्या हायेत जी." त्यांनी रजिस्टर बंद केलं. "मी अधीक्षक सायबाले सांगतलं सकाळीच. सायेब जिल्ह्यावरून येतेत शुक्रवारी."

आठव्या दिवशी वनिताचं दुसरं रक्त तपासलं. दुसरी रेघ उमटली, ठसठशीत. मी पळत लॅबमध्ये गेले. भाऊंनी पट्टी पाहिली, समाधानानं मान हलवली आणि 'आहे' असं लिहिलं. मी म्हटलं, आता साहेबांना सांगता येईल की तुमचं म्हणणं खरं होतं. ते म्हणाले, "आज हाये. त्या दिवशी नव्हती." एवढंच.

साहेबांचं येणं पुढे ढकलत ढकलत त्याच्या पुढच्या शुक्रवारी झालं. अधीक्षकांच्या खोलीत टेबलाभोवती आम्ही चौघं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांना प्रकरण मिटवायचं होतं, हे मला दिसत होतं. त्यांनी भाऊंना दोनदा विचारलं, असं का केलंत? काही कारण होतं का? कुणाचा दबाव? वाचताना चूक झाली का? प्रत्येक प्रश्न म्हणजे बाहेर पडायला उघडलेलं दार होतं. भाऊंनी लेखी जबाब पुढे ठेवला. चार ओळी. 'मी माझ्या मनाने खोटा रिपोर्ट लिहिला. त्यात इतर कोणाचाही संबंध नाही. मी चूक कबूल करतो.'

मी त्या चार ओळी तीनदा वाचल्या. त्यात खपली नव्हती. डागलं ना, असं विचारून एका बाईकडून मी हो वदवून घेतलं, ते नव्हतं. आठ दिवसांचा खोटा आकडा माझ्याच दारात कसा तयार झाला, ते नव्हतं. भर वॉर्डात ते सांगत असताना मी त्यांना गप्प केलं, तेही नव्हतं. ते सगळं लिहिलं असतं तर कुणालाही कळलं असतं की एका माणसानं डोळ्यांदेखत जाणारा जीव धरून ठेवला. ते वगळलं की उरत होता फक्त एक खोटारडा लॅबवाला.

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही ह्या रिपोर्टवरूनच औषध दिलंत ना?"

"हो."

"ठीक आहे. साक्षीदार म्हणून सही करा."

मी सही केली.

निकाल तिथल्या तिथेच तोंडी झाला. नोकरी राहील, पण सिरोंचाकडच्या एका गोदामात बदली, औषधांच्या खोक्यांवर देखरेख, आणि इथून पुढे कुठल्याही तपासणीला हात लावायचा नाही. भाऊंनी "हो जी" म्हटलं. त्यांनी करगोट्यातून लॅबची किल्ली सोडवायला घेतली. गाठ सुटेना, तेव्हा अधीक्षकांनी उठून ती सोडवून दिली.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना अडवलं. "माझं का नाही लिहिलं?"

ते जरा गोंधळले, जणू हा प्रश्न त्यांना अपेक्षित नव्हता. "तुमचं कसं लिवू, मॅडम? डॉक्टरले वळखता नाई आलं, असं गावात पसरलं तर उद्या बाया तुमाले अंग दाखवतीन का? मायाशिवाय चालन. नवीन पोरगं येईन लॅबमधी. तुमच्याशिवाय इथी कोन हाये?"

मग ते पायऱ्या उतरले. लॅबकडे वळलेसुद्धा नाहीत. सरळ क्वार्टरकडे गेले.

साहेब अजून आत चहा पीत होते. दार उघडं होतं, माझ्यापासून सहा-सात पावलांवर. माझी सही असलेला तो जबाब अजून त्यांच्या फायलीच्या वरच पडला होता आणि मागून घेता आला असता. आत जाऊन सगळं सांगायचं होतं, पण धीर झाला नाही, असं मी त्यानंतर कितीतरी जणांना सांगितलं आहे. खोटं आहे ते. मला जायचंच नव्हतं. मी ओपीडीत गेले, खुर्चीत बसले आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारायला सांगितलं.